शेऱ्याचा रकाना

कीबोर्डवर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर धुळीचा पातळ, एकसारखा थर होता. फक्त काही बटणांवर तो नव्हता. एंटरचं बटण आणि खाली जाणाऱ्या बाणाचं बटण स्वच्छ होतं, ते साहजिक होतं. पण अक्षरांपैकी सहाच अक्षरं चकचकीत होती. A, E, G, H, N आणि S. बाकीच्या वीस अक्षरांना बऱ्याच दिवसांत कुणी बोट लावलेलं दिसत नव्हतं. शैलजानं ती सहा अक्षरं मनातल्या मनात दोन-तीन प्रकारे लावून पाहिली. एक निष्कर्ष निघाला. तो पडताळून पाहायची वेळ आली नाही, कारण तेवढ्यात व्हरांड्यातून श्रीरंगकाकांचा आवाज आला.

"अगं, गणेश टाक. मोठ्या लिपीत. आणि चपला बाहेर काढल्यास ना?"

व्हरांड्यात तेव्हा मुलामुलींची स्थळं बघायला आलेले पंधरा-वीस आईबाप बाकांवर बसले होते. त्यांच्यापैकी कुणीही मान वर केली नाही. पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक होता.

तापीतीर महाराष्ट्र मंडळाची ही कंप्युटरची खोली. सुरतेत पर्वत पाटियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंडळाचा हॉल होता, आणि हॉलच्या मागे पूर्वी जिथे सतरंज्या ठेवत तिथे आता कंप्युटर होता. खोलीला दोन कुलपं होती. आत अनवाणी जायचं. ओल्या केसांनी जायचं नाही. पंखा माणसांकडे नाही, मशीनकडे तोंड करून लावायचा. धूळ उडू नये म्हणून केरसुणी आत आणायला बंदी होती, त्यामुळे धूळ साठत होती. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ घातली होती, ती अजून तशीच होती. श्रीरंगकाका बँकेतून निवृत्त झाले होते, मंडळाचे चिटणीस होते आणि वधू-वर विभाग त्यांच्याकडे होता. "सुरक्षिततेच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

शैलजानं पासवर्ड टाकला आणि आपलं नाव शोधलं. नाव, जन्मतारीख, उंची, गोत्र, शिक्षण एमएस्सी रसायनशास्त्र, नोकरी पलसाण्याला प्रोसेस हाउसमध्ये. सगळं बरोबर होतं. शेवटचा रकाना होता "शेरा". प्रोग्रॅम डॉसमध्ये असल्यामुळे शेरेही इंग्रजी लिपीत होते. तिच्या नावापुढे होतं: MULGI HUSHAR. FITS YETAT. MAN MOKALA NAHI.

खालच्या बाणाचं बटण दाबलं की पुढची मुलगी येत होती. तिच्या शेऱ्यात तिचा भाऊ किती पितो ते होतं. त्याच्या पुढच्या मुलाच्या शेऱ्यात, त्याचा मोडलेला साखरपुडा कुणामुळे मोडला ते होतं. श्रीरंगकाकांनी काहीही खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यांना जे जे सांगितलं गेलं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे साठवलं होतं.

ती इथे आली त्याचं कारण पलसाण्यात घडलं होतं.

शैलजा तिथे बन्सीलालशेठच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, लॅब सांभाळत होती. साडीच्या व्यापाऱ्यानं कापडाचा तुकडा आणून टेबलावर टाकायचा आणि तिनं त्याच रंगाची कृती शोधून द्यायची. पिवळा एक थेंब जास्त पडला तर हजारो मीटर कापड बिघडतं, आणि तिच्या हातून ते कधी बिघडलं नव्हतं. मोरपंखी आणि त्याच्या शेजारचा रंग यांतला फरक मशीनला दिसायच्या आधी तिला दिसत असे. ते काम तिला फार आवडत होतं, असं ती कुणाला म्हणाली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

त्या सोमवारी ती लॅबमध्ये आली तेव्हा तिचं उंच स्टूल जागेवर नव्हतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची होती, आणि ती अॅसिडच्या फळीपासून लांब, दाराजवळ ठेवलेली होती. शिपाई कोपऱ्यात उभा होता. तो दिवसभर तिथेच उभा राहिला. दुपारी तिला शेठनं बोलावलं.

शेठच्या टेबलावर काचेखाली तेलकट कागद ठेवला होता. कडेला भोकं असलेला, कंप्युटरच्या प्रिंटरचा कागद. त्यातून हिरव्या मिरचीचा वास येत होता.

"ये आपके समाज का कंप्युटर है ना, बेन?"

शैलजानं कागद वाचला. मराठी शब्द शेठला कळत नव्हते, पण एक शब्द कळत होता. त्यानं त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती.

"कॉलेजात असताना आल्या होत्या," ती हिंदीत म्हणाली. "शेवटची पंच्याऐंशी साली. बारा वर्षं झाली. गोळ्यासुद्धा बंद आहेत."

"मैं क्या डॉक्टर हूं? लेकिन वहां अॅसिड है, बॉयलर है. कुछ हो गया तो?"

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांचं सर्टिफिकेट नेलं. शेठनं ते आदरानं वाचलं आणि परत दिलं.

"डॉक्टर आदमी है, बेन. आदमी से गलती होती है. ये कंप्युटर है."

"कंप्युटरमध्ये माणूसच लिहितो, शेठजी."

"तो क्या आपके काका ने झूठ लिखा?"

"खोटं नाही. जुनं आहे."

"तो सच है," शेठ म्हणाला आणि त्याला खरोखर वाईट वाटलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं नुकताच स्वतःच्या ऑफिसात कंप्युटर घेतला होता आणि रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळत होता. "दिवाली तक देखते हैं. कंप्युटर साफ कागद निकाल दे, तो लॅब आपकी. नहीं तो डिस्पॅच में बैठो. पगार वही. आराम ही आराम."

कागद शेठपर्यंत कसा पोचला हे दीपकनं सांगितलं. दीपक डिस्पॅचमध्ये कारकून होता आणि मंडळाचा सभासद. गणपतीत मंडळानं सभासदांना चिवडा वाटला होता, त्याची एक पुडी त्यानं प्रेमानं शेठपुढे ठेवली होती.

"ताई, मी माझ्या पुडीतला चिवडा खाल्ला, कागद वाचला नाही. शेठनं कागद वाचला आणि चिवडा खाल्ला नाही. कांदा होता ना त्यात."

घरी तिनं आईला विचारलं.

"मी काय गावभर सांगितलं? श्रीरंगरावांच्या कानात सांगितलं. उद्या कुणी फसवलं म्हणू नये म्हणून."

"कानातलं त्यांनी कंप्युटरमध्ये घातलं, आई."

"मग बरंच केलं. लिहून ठेवलं म्हणजे विसरणार नाहीत."

शैलजाला इथे आणखी एक गोष्ट सांगायची होती. नाव नोंदवायला दोघी गेल्या त्याच सकाळी, तीन वर्षांपूर्वी, ती सांगणार होती. पण आई तेव्हा जरीकाठाची साडी नेसून, हातात पर्स घेऊन, दारात चपला घालून उभी होती. नंतर सांगू, असं शैलजानं ठरवलं. मग वडिलांचं वर्षश्राद्ध आलं, मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग काहीच आलं नाही आणि तरी सांगायचं राहून गेलं. आताही ती फक्त म्हणाली, "रविवारी मी मंडळात जाऊन येते."

म्हणून ती रविवारी अनवाणी पायांनी त्या खोलीत बसली होती.

श्रीरंगकाका आत आले आणि त्यांनी आधी पंख्याची दिशा तपासली.

"काका, हा शेरा काढून टाका. माझी नोकरी अडली आहे."

"काढू की. त्यात काय. तुझ्या बाबांचा आणि माझा घरोबा. पण आत्ता दुरुस्त्या बंद आहेत."

"का?"

काकांनी आवाज खाली आणला, म्हणजे व्हरांड्यात ऐकू जाईल इतकाच ठेवला. "कुणीतरी आपल्या मुलाची उंची परस्पर वाढवली. पाच फूट चारचा पाच फूट सहा केला. मुलगी बघायला गेला तेव्हा भानगड झाली. कार्यकारिणीनं ठराव केला, नवा पासवर्ड ठरेपर्यंत कुणाचीच नोंद बदलायची नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पोरी."

"बदलायची नाही, पण बघायची?"

"बघायला काय हरकत आहे? त्यासाठीच तर आहे सगळं. आपलीच माणसं आहेत."

"आणि चिवड्याच्या पुड्या?"

ते काकांना माहीत नव्हतं. त्यांनी रुक्मिणीकाकूंना हाक मारली. महिला विभागाच्या प्रमुख रुक्मिणीकाकू दाराबाहेर चपला काढून आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या, कारण त्यांचे केस ओले होते.

"मग काय करायचं त्या कागदांचं?" त्या म्हणाल्या. "हे प्रत्येक महिन्याला नवीन छापतात आणि जुने गठ्ठे माझ्या पायात टाकतात. चांगले पाठकोरे कागद. फेकायचे? चिवडा कोऱ्या बाजूवर बांधते हो मी. शाईच्या बाजूला नाही लावत. स्वच्छतेचं मला कळतं."

"बघ," काका समाधानानं म्हणाले. "कोऱ्या बाजूवर."

"काका, पासवर्ड कितीही बदलला तरी माहिती पुड्यांतून बाहेर जाते."

"तो मुद्दा वेगळा. तू अर्ज दे. पासवर्ड ठरला की पहिली दुरुस्ती तुझी. माझा शब्द."

पासवर्ड ठरवायला पोटसमिती नेमली होती. शैलजाचं शिक्षण शास्त्राचं म्हणून तिला निमंत्रित म्हणून बसवून घेतलं. बोलायचा अधिकार होता, मताचा नव्हता.

पोटसमितीत मंडळाचे अध्यक्ष पंडितराव होते. ते मूळचे अमळनेरचे, चाळीस वर्षं सुरतेत, कापडाच्या दलालीत. प्रोग्रॅम तयार करणारा अमित, श्रीरंगकाकांचा पुतण्या, तोही होता. त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं की पासवर्ड कुणाला ओळखता येऊ नये असा हवा, उदाहरणार्थ X7QK2 असं काहीतरी.

"याला अर्थ काय?" पंडितरावांनी विचारलं.

"काहीच नाही. तेच तर."

"लग्नासारखं शुभकार्य आणि सुरुवात अर्थ नसलेल्या शब्दानं?"

अमितची सूचना इतिवृत्तात घेतली नाही.

मग नावं निघाली. विदर्भाकडच्या सभासदांनी एक देवी सुचवली, ती खानदेशच्या सभासदांची नव्हती. खानदेशची सुचवली तर कोकणचे म्हणाले, आमच्याकडे तिला कोण ओळखतं. पासवर्ड कुणी ओळखू नये हाच हेतू आहे, असं शैलजा म्हणाली. ते सगळ्यांना शब्दच्छल वाटलं. शेवटी ज्याला कुणी नाही म्हणणार नाही असं नाव पंडितरावांनी उभं राहून सुचवलं, छत्रपती. टाळ्या पडल्या. अमितनं टाइप केलं, आणि प्रोग्रॅम आठच अक्षरं घेत असल्यामुळे ते "छत्रप"वरच थांबलं.

पंडितराव मॉनिटरपाशी वाकले.

"पुढचं घे," पंडितराव म्हणाले.

"घेत नाही, काका. आठच."

"महाराजांचं नाव अर्धं लिहायचं? आणि रोज? हे मशीन परत करा."

"आते काय करानं?" पंडितरावांनी शेवटी हताशपणे विचारलं. चिडले की ते घरच्या अहिराणीवर येत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत गणपूर्ती झाली नाही. त्याच्या पुढच्या बैठकीत, पासवर्ड ठरल्यावर तो कुणाकुणाला सांगायचा यावर चर्चा झाली, आणि कुणालाही वगळलं तर त्याचा अपमान होईल, यावर एकमत झालं.

इकडे लॅबमध्ये शिपायानं आता स्वतःसाठी खुर्ची आणली होती. शैलजा अॅसिडची बाटली हातात घेई तेव्हा तो उठून उभा राही आणि दोन्ही हात पुढे करी, जणू ती पडली तर तो तिला झेलणार होता आणि बाटलीला नाही. कामगार तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. ज्या व्यापाऱ्यांचे रंग ती वर्षानुवर्षं जुळवून देत होती त्यांच्यापैकी एकानं तिला कांदा जवळ बाळगायला सांगितला. तिनं दोनदा चूक केली. रंग चुकला नाही, नोंदीत आकडा चुकला; पण शिपायानं ते पाहिलं आणि शेठला कळवलं.

"दिवाली आ रही है, बेन," शेठ म्हणाला. "कागद?"

दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी मंडळाची वार्षिक सभा झाली. प्रमुख पाहुणा म्हणून व्यासपीठावर बन्सीलालशेठ होता. मंडळाच्या कंप्युटरला उकडतं, हे दीपककडून ऐकून त्यानं मशीनसाठी एअर कंडिशनर भेट दिला होता. पंडितरावांनी त्याला शाल आणि नारळ दिला. शेठनं भाषणात सांगितलं की मराठी समाज पुढे जातोय, कारण त्यांचं सगळं कंप्युटरमध्ये आहे. शैलजा तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. आईनं जरीकाठाची साडी नेसली होती.

मग पंडितराव माइकपुढे आले.

"बंधुभगिनींनो, सुरक्षिततेचा प्रश्न कार्यकारिणीनं सोडवला आहे. सर्वांना मान्य होईल, कुठल्याही जिल्ह्यावर अन्याय होणार नाही आणि आठ अक्षरांत बसेल असा नवा पासवर्ड ठरला आहे. तो आहे, सुरत."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ऐकू आलं नाही म्हणून ओरडलं. पंडितरावांनी पुन्हा सांगितलं. महिलांच्या बाजूनं स्पेलिंग विचारलं गेलं, तेव्हा रुक्मिणीकाकूंनी उठून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"सर्वांनी गुप्त ठेवायचा आहे," पंडितराव म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तो हातावर लिहून घेतला.

श्रीरंगकाका शब्दाला जागणारे होते. त्यांनी लगेच माइक घेतला. "नवीन पासवर्डखाली पहिली दुरुस्ती आपल्या शैलजाची. विषय असा आहे की, शेऱ्याच्या रकान्यात तिला फिट्स येतात असं नोंदलं गेलं आहे."

हॉलमधल्या ज्या थोड्या लोकांना हे माहीत नव्हतं, त्यांनी वळून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईनं पदर सावरला.

"तर पारदर्शकपणे, सर्वांसमोर दुरुस्ती व्हावी," काका म्हणाले. "शैलजाला फिट्स येत नाहीत, या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. काकांनी पहिल्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. दोघांनी हात वर केला नाही. आपण नवसारीहून आलो आहोत आणि मुलीला ओळखत नाही, त्यामुळे तटस्थ राहतो, असं त्यांनी सांगितलं. दीपकनं दोन्ही हात वर केले, तेव्हा त्याला एकच करायला लावलं. व्यासपीठावर बन्सीलालशेठनं काय चाललंय ते शेजारच्याला विचारून घेतलं, तो खूश झाला आणि त्यानंही हात वर केला.

"बहुमतानं मंजूर," काका म्हणाले. "विरोधात?"

विरोधात कुणी नव्हतं. शेठनं शैलजाकडे पाहून मान हलवली. साफ कागद निघणार होता. स्टूल परत मिळणार होतं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती म्हणत होती, "जा, शैलू, आभार मान सगळ्यांचे. दोन शब्द बोल."

शैलजा उठली. बाकांमधून वाट काढत पुढे गेली. काकांनी माइक तिच्या उंचीला खाली केला आणि तो किंचाळला, मग गप्प झाला.

"मला फिट्स आल्या होत्या," ती म्हणाली. "कॉलेजात असताना, तीन. शेवटची पंच्याऐंशी साली. त्यानंतर एकही नाही. याला मतदान लागत नाही. तुम्ही आज हात वर केलेत म्हणून त्या थांबल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी हात खाली केलेत म्हणून येणार नाहीत."

"अगं, मंजूर झालंय," श्रीरंगकाका बाजूनं कुजबुजले. माइक जवळ असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"शेठजी, कल सुबह मैं लॅब में बैठूंगी. स्टूलवर. शिपाई को और काम दीजिए. आणि कागद मी आणणार नाही. या कंप्युटरचा आणि माझ्या रंगांचा काही संबंध नाही. तुम्हाला माझं काम नको असेल तर तसं तोंडानं सांगा, मी दुसरीकडे बघेन."

शेठनं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं भाषांतर केलं नाही.

"काका, शेरा दुरुस्त करू नका," शैलजा म्हणाली. मग ती माइकपासून थोडी वळली आणि तिसऱ्या रांगेकडे बघून बोलू लागली. आवाज तरीही हॉलभर जात होता.

"माझं नावच काढून टाका. आई, मला लग्न करायचं नाही."